बंधारा अजून उभा आहे, दादा

दादा,

काल वहिनीने गिरण चालू केली. तू गेल्यापासून पट्टा उतरवून खुंटीला अडकवलेला होता. तेरावं झाल्यावर निखिल म्हणाला, "आत्या, गिरण विकून टाकूया, आईला मी मुंबईला नेतो." वहिनी ऐकत होती. काल सकाळी उठली, पदर खोचला, पट्टा चढवला आणि बटण दाबलं. सड्यावर, वाडीच्या वरच्या त्या कातळी माळावर, तो आवाज गेला तसे लोक एकेक करून डबे घेऊन यायला लागले. मी ओट्यावर बसले होते. गिरणीच्या आवाजात माणूस रडलं तर कुणाला ऐकू येत नाही, हे मला कालच कळलं. वहिनीला ते आधीपासून माहीत असावं.

आज मी रत्नागिरीला परत आलेय. घर तसंच आहे. पेपर दारात पडलेला आहे, त्यात सगळी निवडणूक. माझं आयुष्य पोरांना नागरिकशास्त्र शिकवण्यात गेलं, पण खरी शाळा आपली सकाळी भरायची. माझा चहा झाला की तुझा फोन. "काय गो बाय, आज काय म्हणतो तुझा पेपर?" मग आपण दोघं मिळून देश चालवायचो. मागून वहिनी ओरडायची, "तुम्ही भाऊबहीण दिल्लीलाच जाऊन बसा एकदा, इथे लोकांचं दळण अडलंय!" कुठूनही सुरुवात झाली तरी आपलं भांडण शेवटी एकाच माणसावर येऊन थांबायचं. तुझ्या मंत्र्यावर.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मला ते पहिल्यापासून सांगायचंय, कारण आता ते आठवणारी, आणि त्यावर भांडणारी, मी एकटी उरलेय.

आपली वाडी नाटे गावाच्या पुढे, अगदी पाण्याला लागून. आईचं घर पहिल्या ओळीत. लहानपणी पडवीत निजलो की लाटेचा आवाज लांबून यायचा. मग ते मोठं वादळ आलं, त्यात घरापुढचे दोन माड गेले, विहिरीचं पाणी खारं झालं आणि भरतीचं पाणी पडवीच्या पायरीला लागलं. आईला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. तू म्हणालास, "बरं झालं गो, तिने हे बघितलं नाही."

मग पाहणीला माणसं यायला लागली. उतारावर गाड्या लावायच्या, पँट दुमडून वाळूत फोटो काढायचे, "बंधारा करून देतो" म्हणायचं आणि जेवायला रत्नागिरीत परत. वाडीने सगळ्यांना चहा पाजला. त्यातच एक दिवस आपल्याच भागातून निवडून गेलेले, दिल्लीतले मंत्री आले. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी तुझा फोन आला तो हसतच.

"बाय, आज एक मंत्री आला आणि 'मला माहीत नाही' म्हणाला."

"मग आला कशाला?"

"तेच मी पण विचारलं."

मूळचा घाटावरचा माणूस, समुद्रातलं काही कळत नाही हे स्वतःच कबूल केलं म्हणालास. पूर्वी भरती कुठपर्यंत यायची ते विचारलं. तू त्यांना आईच्या पडवीपासून खाली चालवत नेलंस आणि आता जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे उभं राहून दाखवलंस की इथे आम्ही लगोऱ्या खेळायचो. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग वर येऊन सगळ्यांना म्हणाले, "आज बंधारा देतो म्हटलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण तो टिकेल की नाही हे मला माहीत नाही. माहिती असणाऱ्या लोकांना पाठवतो. पाऊस संपला की मी उत्तर घेऊन येईन. जे असेल ते."

मी म्हटलं, "हे सगळे असंच म्हणतात, दादा. परत कोण येतंय?"

"बघूया," तू म्हणालास. तुझं ते 'बघूया' मला कधीच आवडलं नाही. त्यात होयही नसायचं आणि नाहीही.

पावसात खरंच माणसं आली. एक इंजिनिअर बाई कितीतरी दिवस वाडीत राहिली, वाळूत नळ्या खुपसून बघायची. वहिनी तिला भाकरी करून घालायची. आणि दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी आलेली असताना ते मंत्री परत आले. त्या दिवशी मी तिथे होते. म्हणून मला कुणी सांगायला नको, की तुझं डोकं त्या दिवशी फिरलं कसं.

देवळासमोर मांडव घातला होता. निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाच्या पोरांनी हार आणले होते, नारळसुद्धा आणला होता. मंत्र्यांना सर्दी झाली होती, सारखे रुमालात शिंकत होते. हार त्यांनी घेतला नाही. उभे राहिले आणि म्हणाले, "बंधारा बांधता येईल. मंजुरी आणणं मला अवघड नाही. आज नारळ फोडला तर निवडणुकीत माझा फायदाच आहे. पण इथली वाळू खालून सरकतेय. बंधारा टिकेल असं सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. आणि मी तो बांधला तर त्याच्या भरवशावर तुम्ही पोराबाळांसह खाली राहाल. ते माझ्याच्याने होणार नाही."

 मग रमाकांत उठला. तुझा लहानपणापासूनचा दोस्त, दोन होड्यांचा मालक, वाडीत ज्याच्या शब्दाला वजन.

"म्हणजे आम्ही बुडायचं?"

"वर सड्यावर सरकारी जागा आहे. तिथे घरं बांधायला मदत देता येईल."

"सड्यावर? तिथे गवताला पाणी मिळत नाय पावसाळा सोडून. आणि होडी काय डोक्यावर घेऊन चढू?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मंत्री हसले नाहीत.

"आधी नळाचं पाणी वर जाईल, मग घरांचं बोलू. पाणी गेलं नाही तर मला शिव्या घाला आणि जागचे हलू नका. ज्याला जायचं नाही त्याला कुणी हात लावणार नाही. होडीचं…" ते थांबले. "होडीचं उत्तर माझ्याकडे नाही. जाळी, इंजिनं ठेवायला खाली पक्की शेड करता येईल. पण रोजची चढउतार तुम्हाला करावी लागेल. तुमचं जगणं त्याने कठीण होईल, सोपं होणार नाही. ते लपवून मी बोलत नाही."

पक्षाचा एक माणूस मागून त्यांच्या बाहीला ओढत होता, मला दिसत होतं. लोक उठून जायला लागले. चहा ओतून ठेवलेला, कुणी कपाला हात लावला नाही. एका म्हातारीने तर तोंडावर सांगितलं, "मत मागायला आलास की घर मागायला?" ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. 

आणि त्या सगळ्या गलक्यात माझा भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "सड्यावर पाणी आलं तर मी जाईन."

रमाकांतने तुझ्याकडे असं बघितलं, जसं तूच समुद्राला बोलावणं धाडलं होतंस.

मी तुला दंडाला धरून गिरणीत नेलं. आठवतंय ना? आतून कडी घातली आणि तुझ्यावर ओरडले.

"हे घर तुझ्या एकट्याचं आहे?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तुला विचारतोय."

"विचारतोयस कुठे? देवळात सांगून आलास! माझं माहेर आहे ते, दादा. एका दुपारी भेटलेल्या माणसाच्या शब्दावर तू आईचं घर सोडणार?"

"दोन दुपारी," तू म्हणालास.

मला हसू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग जास्त आला. तू पिठाच्या पोत्यावर बसलास. तुझ्या पापण्यांवर नेहमी पीठ असायचं, म्हातारा झाल्यासारखा दिसायचास. म्हणालास, "बाय, तो परत आला गो. आणि 'नाही' सांगायला आला. साधं स्थळ नाकारायचं असलं तर आपण मधल्या माणसाकरवी कळवतो, स्वतः जात नाही. हा निवडणुकीच्या तोंडावर दिल्लीहून आला आणि तोंडावर नाही म्हणाला. त्याला माहीत होतं काय होणार ते."

"म्हणून तो बरोबर ठरतो?"

"बरोबर आहे की नाही ते मला काय ठाऊक? पण उद्या चूक निघालं, तर तेही तो येऊन सांगेल. एवढं मला वाटतं."

"वाटतं!" मी म्हटलं. "तुला वाटतं म्हणून माझं माहेर जाणार."

 तो राग, दादा, माझा पूर्ण कधीच गेला नाही. आज तू नाहीस म्हणून गेला असं लिहिलं तर तुला ते खोटं वाटेल, आणि तुला खोटं चालायचं नाही.

उन्हाळ्याच्या आत सड्यावर पाणी आलं. तुझा फोन आला, बोलला काहीच नाहीस. नुसता पाण्याचा आवाज. मग म्हणालास, "ऐकलंस?" सड्यावरच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. आपल्या वाडीच्या बायका चैत्र-वैशाखात जिथून हंडे घेऊन रिकाम्या परतायच्या, त्या कातळावर नळ. हे त्या माणसाने केलं, हे मी कधी नाकारलं नाही. केलं, आणि बोलल्याप्रमाणे आधी केलं. त्यानंतरच्या निवडणुकीत तो पडला. आपल्या वाडीतून त्याला मतं पडली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तुझ्याबरोबर फार थोडी घरं वर गेली. तू आईच्या घराचे चिरे एकेक काढून टेम्पोने वर नेलेस. मी आले नाही. पोरांचे पेपर तपासायचेत म्हणून सांगितलं. पेपर होतेच, पण एकेका चिऱ्याने घर उतरताना बघायची ताकद माझ्यात नव्हती. गणपतीला आले तेव्हा नवं घर बघितलं. रंग नवा, कौलं नवी. आत पाऊल टाकलं आणि पायाला काहीतरी ओळखीचं लागलं. खाली बघितलं तर आईच्या घराचा उंबरा. मधोमध झिजलेला. तू बाजूला उभा होतास आणि दुसरीकडेच बघत होतास. मी तिथेच बसले. वहिनीने पाणी आणून दिलं. घर उतरवल्यापासून तुटलेलं आपलं बोलणं तिथे पुन्हा सुरू झालं.

वाडीने मात्र तुला माफ केलं नाही. गिरण तू वर नेलीस, तिचं नाव पडलं 'मंत्र्याची गिरण'. खालची माणसं दळण घेऊन नाट्याला जायची, पण चढ चढून तुझ्याकडे यायची नाहीत. रमाकांत रस्त्यात भेटला तर मान वळवायचा. नवा माणूस निवडून आला होता, त्याने बंधाऱ्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला. हेही खरंच आहे ना, दादा? मोठमोठे दगड आले, क्रेन आली, वाजतगाजत नारळ फुटला. समारंभाला तू गेलास. वहिनी सांगत होती, मागे उभा राहिलास, पेढा दिला तो खाल्लास आणि घरी येऊन म्हणालास, "काम चांगलं केलंय."

बंधारा उभा राहिला. पावसाळे आले आणि गेले. संध्याकाळी पोरं त्याच्यावर बसायला लागली, मुंबईकर चाकरमानी फोटो काढायला लागले. मी काय असंच सोडणार होते का तुला? फोनवर म्हणायचे, "तुझा मंत्री पडला, आणि बंधारा उभा आहे."

"असू दे की उभा," तू म्हणायचास. "पडावा असं मी कुठे म्हणतो? खाली आपलीच माणसं आहेत."

"मग तू चुकलास म्हण."

"चुकलो तर बरंच की गो. मी रोज तेच मागतो."

मला वाटायचं, बोलण्यात हरतोयस म्हणून असं काहीतरी बोलतोयस.

पण माझे मुद्दे तुला कधी खोडता आले नाहीत. मी म्हणायचे, खरं बोलून निवडणूक हरलेला माणूस लोकांच्या काय उपयोगाचा? पाणी आलं, बरं. पण त्याने सांगितलेली ती शेड कुठाय? सड्यावर एस.टी. कुठाय? वहिनीला दवाखान्यात जायचं तर अजून खाली चालत यावं लागतं. तो टिकला असता तर हे झालं असतं. देश चालवायचा तर लोकांना बरोबर घेऊन चालता यायला हवं, नुसतं खरं सांगून घरी बसणारे आमच्या शाळेतही होते. नेत्याला विश्वास हवा आणि सत्ताही हवी, एकावर भागत नाही.

 तू म्हणायचास, "तेवढं खरं."

एकदाच तू उलटून बोललास. म्हणालास, "खरं सांगून निवडून यायची कला त्याने शिकायला हवी म्हणतेस. आणि खरं ऐकून मत द्यायची कला? ती कुणी शिकायची? तू शिकवलीस का गो, एवढी वर्षं, त्या पोरांना?"

मी रागाने फोन ठेवला होता. पुस्तकात तसा धडा नव्हता, दादा. हे मला तुला सांगायचं होतं, आणि मग तो विषय राहून गेला.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू रत्नागिरीला माझ्याकडे आलास तपासायला. गाठ निघाली. डॉक्टरांनी मला आणि निखिलला आत बोलावून सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. बाहेर आल्यावर निखिलने माझे दोन्ही हात धरले. "आत्या, बाबांना काही सांगू नकोस. अल्सर आहे म्हणूया. ते खचतील." वहिनीही तेच म्हणाली. त्यांचं प्रेम होतं त्यात, मला दिसत होतं. मी मान डोलावली.

तू रोज संध्याकाळी भाट्याच्या समुद्रावर जाऊया म्हणायचास. रिक्षाने पुलापलीकडे जायचो, सुरूच्या झाडांखाली बसायचो. एक दिवस पाण्याकडे बघत तू विचारलंस, "बाय, काय म्हणाला डॉक्टर?"

"अल्सर आहे म्हणाला."

"निखिलने ते सांगितलं. मी तुला विचारतोय."

मी पदरावरची वाळू झटकायला लागले. तू म्हणालास, "या सगळ्यांत माझ्याशी भांडणारी तू एकटीच. म्हणून तुला विचारतोय."

आणि मी सांगितलं. सगळं. गाठ कुठे आहे, कुठवर गेली आहे, डॉक्टर काय म्हणाले. माझा आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा निघत होता, माझं मलाच ऐकवत नव्हतं. बोलून झालं तरी मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू बराच वेळ वाळूत काडीने रेघा मारत होतास. मग तुझा हात माझ्या डोक्यावर आला, लहानपणी शाळेतून घरी आणताना ठेवायचास तसा.

"बाय," तू म्हणालास, "तू काही निवडून यायची नाहीस."

आपण हसलो, दादा. काय हसलो. शेजारी भेळ खाणारं कुटुंब आपल्याकडे बघायला लागलं. आणि हसता हसता तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस आणि तुझं सगळं अंग हलायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला रडताना बघत होते. आई गेली तेव्हाही तू रडला नव्हतास, बाकीच्यांना सांभाळत होतास.

दुसऱ्या दिवशी तू निखिलला जवळ बसवून सांगितलंस, मला सगळं माहीत आहे, घरी घेऊन चल. निखिल अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याला वाटतं, मी सांगितलं म्हणून तू लवकर गेलास. असेलही, मला काय ठाऊक? पण त्या दिवसांत तू वहिनीला गिरणीचा पट्टा चढवायला शिकवलास, गिरणीच्या दगडाला टाकीने खाचा पाडायला माणूस कुठून बोलवायचा ते सांगितलंस, खालीवर सगळ्यांच्या घरी जाऊन आलास. खोटं सांगितलं असतं तर हे दिवस तू गोळ्या बदलून बघण्यात घालवले असतेस. असं मी स्वतःला समजावते. कधी पटतं, कधी नाही पटत.

तू सकाळी गेलास. वहिनीने तोंडात पाणी घातलं, मी पाय धरून बसले होते. तुझे तळवे कातळासारखे झाले होते, सड्यावर अनवाणी चालून. ते गार होत गेले. यापुढचं मला लिहिता येत नाही.

तुझ्या दहाव्याला रमाकांत आला. मांडवात सगळ्यांच्या मागे बसला, आणि लोक गेल्यावर माझ्याजवळ आला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "बाय, एक सांगायचंय. तुझा भाऊस दर उधाणाला खाली यायचा. बंधाऱ्याजवळ छत्री घेऊन उभा. मी म्हणायचो, बघा आला, पडतोय का ते बघायला आला. बोललो नाय त्याच्याशी, पण शिव्या घातल्या मनात."

तो माझ्यासमोर खाली बसला.

"गेल्या पावसाच्या आदल्या पावसात, भर दुपारचं उधाण. मोठी लाट बसली आणि वरचे दगड सरकले. पाणी माझ्या पडवीत. मी होडी सोडवायला धावलो तर हा आधीच माझ्या घरात. माझी आई, सून, पोरं, सगळ्यांना घेऊन वर गेला, आपल्या घरात ठेवलं. रात्री मी वर गेलो तर मला जेवायला वाढलं. दगड परत बसवले मग सरकारने, आम्ही खाली आलो. पण बाय, त्याने एकदा तरी म्हणायचं होतं ना, मी सांगितलं होतं म्हणून? मी वाट बघत होतो. त्याने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो आणि आमचं मिटलं असतं. तो नुसता म्हणाला, 'बरं झालं, टिकला बंधारा.' आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं."

एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याला काय समजावणार? मला हे माहीतच नव्हतं. रोज सकाळी अर्धा तास बोलायचो आपण, देशातल्या यच्चयावत पुढाऱ्यांची तू सालं काढायचास, आणि हे एवढं मला सांगितलं नाहीस. मी 'बंधारा उभा आहे' म्हणून तुला टोचत राहिले, आणि तू तो उभा राहावा म्हणून पावसात जाऊन थांबत होतास.

आता काल संध्याकाळचं सांगते आणि थांबते.

काल देवळासमोर सभा होती. लोकसभेची उमेदवार आली होती. तरुण आहे, वकील आहे, बोलते चांगली. सड्यावर एस.टी. आणीन म्हणाली, खाली शेड करीन, बंधाऱ्याची उंची वाढवीन, दिल्लीत कोकणासाठी भांडीन. लोक टाळ्या वाजवत होते. मी वहिनीला घेऊन गेले होते, चार माणसांत तिला बरं वाटेल म्हणून. बोलायचं माझ्या मनात काही नव्हतं. पण "कुणाला काही विचारायचंय का" असं कुणीतरी म्हटलं, आणि बघते तर मी उभी.

"ताई," मी म्हटलं.  वहिनीने माझा हात धरला. "तुम्ही आत्ता बऱ्याच गोष्टी सांगितल्यात. त्यातलं जे जमणार नाही, ते सांगायला परत याल का?"

स्टेजवरचा एक कार्यकर्ता पुढे झाला. "बाई, सगळं जमणार! ताई शब्दाच्या पक्क्या आहेत!" पुन्हा टाळ्या.

मागून रमाकांतचा आवाज आला. "तुला नाय विचारलं. त्यांना विचारलंय. गप ऱ्हा."

 ती उमेदवार बाई माझ्याकडे बघत राहिली. माईक तिने तोंडापासून बाजूला केला. काहीतरी तयार असलेलं बोलायला तोंड उघडलं, आणि बोलली नाही. मग म्हणाली, "येईन." एवढंच. हळू म्हणाली, मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

दादा, मला खरं वाटलं. मला, जिने तुला त्या गिरणीत कडी घालून धारेवर धरलं होतं. एका संध्याकाळी भेटलेल्या बाईचा एक शब्द, आणि मी खाली बसताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं. घरी येईपर्यंत मी स्वतःला बजावत होते की निवडणुकीच्या दिवसांत सगळेच येईन म्हणतात. रात्रभर झोप नाही. माझं बरोबर आहे की मी फसतेय, हे मला कुणाला तरी विचारायचंय, आणि त्याने माझं म्हणणं खोडून काढायला हवंय.

तू काय म्हणाला असतास, ते मी आज सकाळपासून आठवून बघतेय. तुझी जुनी उत्तरं मला सगळी पाठ आहेत. पण हा प्रश्न नवा आहे, दादा, आणि याचं उत्तर तू दिलेलं नाहीस.